निरंक दिवस

सरकारी नोकरीत शिरल्यावर जे काही शब्द माणसाच्या जिभेवर कायमचे बसतात, त्यांपैकी ‘निरंक’ हा एक शब्द होय. माझ्या नोकरीची पहिली वर्षे महाराष्ट्रात, महसूल खात्यात गेली. दर महिन्याच्या अखेरीस तालुक्या-तालुक्यांतून अहवाल यावयाचे. आगी किती लागल्या, पुराने किती घरे पडली, वीज पडून किती जनावरे दगावली, असे त्यात रकाने असत. आणि ज्या रकान्यात लिहिण्याजोगे काही घडलेले नसे, तेथे कारकून एकच शब्द लिहून मोकळा होई : ‘निरंक’. असा अहवाल कोणी वाचीत नाही. त्यावर सही होते, तो फायलीस लागतो आणि विस्मरणात जातो. मीही असे शेकडो अहवाल न वाचता पुढे सरकविले आहेत. परंतु अलीकडे माझ्या मनात असा विचार येऊ लागला आहे की, त्या रकान्यात ज्या माणसांचा तो महिना होता, त्यांच्या दृष्टीने निरंक या शब्दाइतका शुभ शब्द दुसरा कोणता असेल?

इतिहासाचीही रीत आमच्या कचेरीसारखीच आहे. मी इतिहास घेऊन एम.ए. झालो, तेव्हा ऐहोळेच्या शिलालेखाचा अभ्यास मला करावा लागला. इ. स. ६३४ मधील हा लेख बदामीच्या दुसऱ्या पुलकेशीची कीर्ती गातो. हर्षाचा पराभव त्यात आहे. नव्याण्णव हजार गावांची तीन महाराष्ट्रके या राजाच्या सत्तेखाली होती, असेही त्यात सांगितले आहे. मराठी माणसाला हा उल्लेख वाचून साहजिकच बरे वाटते. परंतु त्या नव्याण्णव हजार गावांतील चुलींवर त्या दिवशी काय शिजत होते, हे त्या लेखात नाही. ते कवीने सांगावे अशी अपेक्षाही नाही. ज्या दिवशी राज्ये बुडाली त्या दिवसांचा इतिहास लिहिला जातो. ज्या दिवशी घरोघर वेळेवर जेवणे झाली आणि माणसे निजली, तो दिवस इतिहासाच्या लेखी निरंक असतो.

अशा निरंक दिवसांची नोंद ठेवणारे एखादे स्थान आहे काय, असे मला कोणी काही वर्षांपूर्वी विचारले असते, तर मी नकारार्थी मान हलविली असती. परंतु प्रतिनियुक्तीवर माझी बदली बंगळूरास झाली, बनशंकरी या भागात बिऱ्हाड थाटले, आणि माझे मत बदलले.

बंगळूर मराठी माणसाला अगदीच परके नव्हे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने ते जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. बाल शिवाजीचे काही दिवस येथे गेले. त्या काळी आजचा बनशंकरी भाग शहराच्या पार बाहेर, रानात असला पाहिजे. आज तो दक्षिण बंगळूरातील मोठ्या वसाहतींपैकी एक असून त्याचे निरनिराळे ‘स्टेज’ पाडलेले आहेत. २०१७ पासून मेट्रोचे स्थानकही त्याच नावाने उभे आहे. हे नाव आले कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी अम्मांच्या देवळावरून. हे देऊळ काही पुरातन नव्हे. १९१५ च्या सुमाराचे, म्हणजे जेमतेम शंभर वर्षांचे. परंतु तेथील एक प्रथा मला पहिल्याच भेटीत विलक्षण वाटली.

पंचांग पाहणाऱ्या श्रोत्यांना राहुकाळ ठाऊक असेलच. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे आठ भाग केले, तर त्यांतील एक भाग राहूचा. बारा तासांच्या दिवसात हा दीड तास होतो. मंगळवारी दुपारी तीन ते साडेचार, शुक्रवारी साडेदहा ते बारा, असा तो वारावारांनी बदलतो. या वेळात कोणी शुभकार्य आरंभीत नाही. दक्षिणेत तर हा नेम फार कडक. असे असता बनशंकरीच्या देवळात मुख्य गर्दी होते ती नेमकी राहुकाळी. स्त्रिया अर्धे लिंबू पिळून घेतात, त्याची साल उलटी करून तिची वाटी करतात, तीत तेल-वात घालतात आणि तो दिवा देवीपुढे लावतात. दिवसातील सर्वांत टाकाऊ मानलेला वेळ आणि स्वयंपाकघरातील टाकाऊ साल, या दोहोंची ही पूजा आहे. येथील शास्त्र काय, हे मी जाणत नाही. परंतु त्या सालींच्या ओळी मंद उजळलेल्या पाहिल्या, म्हणजे वाया जाणारा तासही आपलाच असतो, एवढे मनाला पटते.

ही देवी मूळची येथली नव्हे. तिचे मूळ स्थान बदामीजवळ, चोळचगुड्ड गावाच्या परिसरात आहे. वनातील शंकरी ती वनशंकरी, आणि लोकांच्या तोंडी बनशंकरी. बदामीच्या चालुक्यांच्या राजधानीपासून हे ठाणे अवघ्या काही किलोमीटरांवर. आज तेथे उभे असलेले देऊळ १७५० मध्ये परशुराम आगळे नावाच्या मराठा सरदाराने बांधले असे सांगतात. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यातच मोडत असे. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडील कित्येक मराठी कुटुंबांचे, तसेच विणकाम करणाऱ्या देवांग कोष्टी समाजातील अनेकांचे हे कुलदैवत आहे. आमच्याही घराचे आहे. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचे नवरात्र असते आणि पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते.

या देवीचे दुसरे नाव शाकंभरी. आणि येथे आपण मुद्द्यापाशी येतो. देवीमाहात्म्यातील कथा अशी की, एकदा शंभर वर्षे पाऊस पडला नाही. तेव्हा देवी प्रकट झाली आणि पाऊस येईपर्यंत तिने आपल्या देहातून उत्पन्न केलेल्या भाज्यांवर साऱ्या लोकांचे पोषण केले. इतर देवी असुर मारून मोठ्या झाल्या. असुर हिनेही मारला. परंतु हिचे नाव पडले ते पालेभाजीवरून. म्हणून तिच्या नैवेद्यात भाज्यांना मान. बदामीस तर ‘पल्येद हब्ब’, म्हणजे भाज्यांचा सणच असतो आणि १०८ प्रकारच्या भाज्या देवीपुढे मांडल्या जातात. आमच्याकडेही त्या पौर्णिमेला मिळतील तितक्या भाज्या करण्याचा प्रघात आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी याच दिवसांतली. पावटा, वांगे, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, तीळ हे सर्व एका पातेल्यात येते आणि सोबत बाजरीची भाकरी असते. पक्वान्नाचा मान रोजच्या भाजीला मिळावा, असे दिवस आपल्या पंचांगात फार नाहीत.

परंतु भाजीलाच देवपण का मिळावे? याचे उत्तर मी भूगोलात आणि दुष्काळाच्या इतिहासात शोधले. बदामी, विजापूर, सोलापूर हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. तेथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. आला तर आला. १३९६ साली सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण दख्खनने शतकानुशतके जपली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. बिदरच्या बादशहाचा हा अधिकारी. दुष्काळात त्याने सरकारी कोठार लोकांस लुटविले आणि पुढे विठ्ठलाने महाराच्या वेशात जाऊन त्याची रक्कम भरली, असे परंपरा सांगते. सरकारी नोकर म्हणून मला ही कथा नेहमी थोडी अस्वस्थ करते. कारण पैसे भरावयास विठ्ठल येईल, हे दामाजीला कोठार उघडतेवेळी ठाऊक नव्हते.

एका अगदी उलट अधिकाऱ्याची हकीकत मात्र पुराव्याने सिद्ध आहे. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, सढळ हाताने काम चालविले, आणि भुकेने मेलेल्यांचा आकडा जवळजवळ निरंक राहिला. याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली असती असे आपल्याला वाटेल. मिळाले ते उधळपट्टीचे दूषण! माणसे मेली नाहीत, त्याअर्थी एवढ्या खर्चाची आवश्यकता नव्हती, असा तो तर्क. तीन वर्षांनी, १८७७ च्या जानेवारीत, दख्खनच्या व मद्रासच्या दुष्काळाची पाहणी करण्यास तेच टेंपल पाठविले गेले, तेव्हा ते हा धडा शिकून आलेले होते. दुष्काळी कामावरील मजुराची रोजी त्यांनी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ नाणे एवढ्यावर आणून बसविली.

एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. आणि त्यावर दिवसभर खडी फोडावयाची. मुंबई इलाख्यात मजुरांनी ही रोजी नाकारून काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली आणि गावोगावच्या हकीकती मिळवून सरकारपुढे मांडल्या. त्याच वर्षी महात्मा फुले यांनी धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांना जेवू घालण्याचे काम हाती घेतले. तिकडे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी टेंपलशी जाहीर वाद घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, काम करणाऱ्या माणसाला अधिक धान्य हवेच. पण नुसत्या धान्यावर माणूस जगत नाही, त्याला डाळ आणि भाजीपाला लागतो. हे वाचताना मला शाकंभरीची आठवण झाली. कथेने जे सांगितले होते, तेच एका डॉक्टराने सरकारी कागदावर लिहिले होते. पुढे १८७७ मध्येच मद्रास सरकारने रोजी वाढविली. पण तोवर फार उशीर झाला होता.

या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. बंगळूर ज्या म्हैसूर संस्थानात होते, तेथील लोकसंख्या १८७१ च्या खानेसुमारीत सुमारे ५० लाख होती. १८८१ मध्ये ती सुमारे ४२ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढावयाची ती लोकसंख्या आठ लाखांनी घटली. हे आकडे मी परीक्षेसाठी पाठ केले होते आणि चांगले गुणही मिळविले होते. पुढे महसूल खात्यात १९७७ च्या रोजगार हमी कायद्याच्या फायली हाताळल्या. दुष्काळ या विषयातले आपल्याला बरेच समजते, असा माझा समज होता. तो किती पोकळ होता, हे मला माझ्या स्वयंपाकघरात कळले.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे बंगळूरास राहावयास आली. तिचे माहेर मंगळवेढ्याजवळचे. कन्नड तिला येत नाही. आमच्या गल्लीत रोज सकाळी भाजीची हातगाडी येते आणि गाडीवाली बाई ‘सोप्पू, सोप्पू’ अशी हाळी देते. सोप्पू म्हणजे पालेभाजी. हाळी ऐकली की आई खाली उतरे आणि अर्धा-अर्धा तास तेथेच रेंगाळे. एकेक जुडी उचलावी, उलटसुलट पाहावी, हुंगावी, शेजारच्या अज्जींना खुणेने काही विचारावे, त्यांनी खुणेनेच काही सांगावे, असा सारा थाट. हिवाळ्यात येथे अवरेकाईचा हंगाम येतो. तिच्या शेंगा पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा ती आनंदाने ओरडलीच, “हा तर आपला पावटाच की रं!” अज्जी हे दाणे रात्री भिजत घालतात आणि सकाळी चिमटीने दाबून त्यांची साले उडवितात, कोकणात वालाचे बिरडे सोलतात अगदी त्याच रीतीने. दोघी जिन्यात बसून ते सोलत. भाषा दोन, वाटी एक.

मला हे सारे कौतुकाचे वाटे, परंतु त्याहून अधिक कंटाळ्याचे वाटे, हे कबूल केले पाहिजे. कचेरीची घाई, रस्त्यावरील वाहनांची गर्दी आणि आजच्या युगात मोबाईलवर बोट ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत भाजी दारात हजर! एकदा शाकंभरी नवरात्रातच मी वैतागून म्हणालो, “आई, एक जुडी घ्यायला अर्धा तास? आणि ती निवडायला आणखी एक?” तिने उत्तर दिले नाही. समोर हरिवे सोप्पूची जुडी सोडलेली होती. काही वेळाने, काड्या मोडता मोडताच, ती सांगू लागली.

“हा तांदुळजाच. नाव तेवढं निराळं. बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायची आणि मी घमेली उचलायची. खायला लाल मिलोची भाकरी. घशाखाली उतरायची नाही, पण खायचो. कामावर सुकडी मिळायची, ती धाकट्यांसाठी बांधून आणायचो. वरीस झालं, हिरवं पान म्हणून बघितलं नव्हतं. मग त्र्याहत्तरला पाऊस आला. आठ-पंधरा दिसांत बांधावर तांदुळजा उगवला, घोळ उगवली. आईनं पदर भरून आणला आणि नुसत्या मीठ-मिरचीत परतला. आमी समदी चुलीभोवती बसलो. कोण कायच बोलत नव्हतं. तेव्हापास्नं भाजी निवडताना घाई करवत नाही बघ.”

एवढे बोलून तिने निवडलेली पाने चाळणीत टाकली आणि ती धुवावयास उठली. मी मात्र बसून राहिलो. १८७७ चे सारे मला ठाऊक होते. १९७२-७३ चेही ठाऊक होते : १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, म्हणजे राज्यातल्या दर दहा माणसांमागे जवळजवळ एक, आणि त्या कामांमुळेच भुकेने माणसे मोठ्या संख्येने मरण्याचे टळले. त्या ५० लाखांत माझी आजी होती. आणि तिच्या शेजारी घमेले उचलणारी, कोणत्याही हजेरीपटावर नसलेली माझी आई होती. मी तिला कधी विचारलेच नव्हते. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. रोजच्या साध्या जगण्यात आनंद माना, हा उपदेश पोट भरलेल्यांनी उपाशी माणसांना फार वेळा केलेला आहे. एक पौंडात समाधान माना, असे म्हणणाऱ्या माणसालाही बहुधा असेच काही वाटत असेल. मला ते म्हणावयाचे नाही. मिलोच्या भाकरीत आनंद मानावा, असे माझ्या आजीला सांगण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. ज्या साध्या दिवसाची मी गोष्ट करीत आहे, तो दिवस आयता मिळत नाही. कोणी कोठार उघडते, कोणी रोजी नाकारून उभे राहते, कोणी नको तो अहवाल लिहिते, कोणी पाझर तलावाची माती वाहते, तेव्हा कुठे पुढच्या पिढीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाते. टेंपल यांच्यावर ठपका ठेवणाऱ्यांना हेच उमगले नाही. काही वाईट घडले नाही, हेही कोणाच्या तरी श्रमाचे फळ असते, परंतु ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून ते चाखावे लागते.

आणि चाखू लागले, म्हणजे साध्या ताटातही केवढी सोबत सापडते! आमच्या भाजीतील मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आणलेले. बटाट्याचे तर नावही पोर्तुगीज. येथील बाजारात मिळणारी चौचौ मूळची मेक्सिकोकडची. कन्नडात तिला ‘सीमे बदनेकाई’, म्हणजे विलायती वांगे म्हणतात आणि तेलुगू लोक तिलाच बंगळूरी वांगे म्हणतात. परदेशी पाहुणी एका पिढीत विलायती राहिली आणि शेजारच्या भाषेत या गावची झाली. लालबागेत अशी कितीतरी परदेशी रोपे लावून पाहिली गेली. तिला नवे रूप देणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल १९०८ मध्ये बंगळूरास आले, ते त्याआधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास होते. घासाघासांत असा इतिहास आहे. तो कळला म्हणून भाजीला अधिक चव येते असे नाही. पण जेवणारा थोडा सावकाश जेवतो.

आता मी काय करतो, तेही सांगतो. रविवारी सकाळी हाळी आली की मी आईबरोबर खाली उतरतो. तांदुळजाची कोवळी जुडी कोणती आणि जून कोणती, हे मला अजून नीट ओळखता येत नाही. गाडीवाली बाई आणि आई दोघी मिळून मला हसतात. मग वर येऊन आम्ही दोघे निवडावयास बसतो. मी तिला त्या वर्षाबद्दल विचारतो. कधी ती सांगते, कधी विषय बदलते. जे सांगते ते मी एका वहीत लिहून ठेवतो. त्या वहीला फायल क्रमांक नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कोणीतरी असेल, जे भाजी निवडताना घाई करीत नाही. ते का, हे त्यांना एकदा विचारून पाहावे. माझ्यापुरते म्हणाल, तर काल आमच्याकडे विशेष असे काहीच घडले नाही. दिवे होते, नळाला पाणी होते. रात्री ज्वारीची भाकरी आणि हरिवे सोप्पूची भाजी झाली. सर्वांनी मिळून जेवलो. आईने भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. बाकी निरंक.